आधी टोपी काढा

आपल्याकडे डोक्याला काही झालं की पहिला उपचार म्हणजे टोपी. मुलगी असेल तर स्कार्फ, नाहीतर दोन घट्ट वेण्या आणि त्यावर इतकं तेल की खाली काय चाललंय ते कुणाला दिसूच नये. दुसरा उपचार म्हणजे दोष द्यायला माणूस शोधणं. शेजारचं पोर, बाकावरची मैत्रीण, नवा शांपू, बोअरिंगचं पाणी, न्हावी. डॉक्टरचा नंबर यानंतर कधीतरी लागतो.

हे लिहिताना मला पूर्ण कल्पना आहे की वाचणाऱ्यांत माझ्या दोन माम्या आहेत आणि रामवाडीची आतेबहीणही आहे. माम्यांचं नंतर बघू. आतेबहिणीनं स्वतःच सांगितलंय, "लिही, पण आमची नावं टाकू नकोस." तेव्हा नावं नाहीत.

पेणची रामवाडी म्हटलं की कोकणात जाणाऱ्या बहुतेकांना एसटीचा डेपो आठवतो. आमच्यासाठी रामवाडी म्हणजे आत्याचं घर. तिथल्या आमच्या भाच्याला (वय वर्षं सहा, पहिली इयत्ता, उद्योग अखंड चालू) गेल्या जूनमध्ये कानाच्या वर एक चट्टा उठला. जुन्या आठ आण्यांएवढा. पांढुरकी खपली आणि मधले केस विरळ. घरात निदान झालं, कोंडा. खोबरेल तेलात कापूर घालून चोळणं सुरू झालं. चट्टा वाढला तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, ही चाई आहे, केसांचा किडा असतो, कांदा चोळा. कांदाही चोळून झाला. पोरगं शाळेत कांद्याच्या वासाचं म्हणून प्रसिद्ध झालं ते वेगळंच.

मग केस कापायला नेलं. नेहमीच्या न्हावीकाकांनी मान खाली करून डोकं उजेडात धरलं, बोटानं केस बाजूला केले आणि मशिन खाली ठेवलं. "वहिनी, याच्यावर मी मशिन फिरवत नाय. केस झडलेले नायत, तुटलेत. स्किनच्या डॉक्टरला दाखवा."

आता यावर खरं तर "बरं झालं सांगितलंत" म्हणायचं. पण झालं उलटंच. भाऊजी चिडले. न्हावी आता डॉक्टर झाला का, आमचं पोर काय महारोगी आहे का, वगैरे. पुढच्या रविवारी दुसऱ्या सलूनमध्ये नेऊन डोकं सफाचट करून आणलं. मेडिकलमधून एक ट्यूब आली. चार दिवसांत खाज थांबली, लाली गेली, घरात सगळे खूश. आणि गणपतीच्या सुमारास त्याच जागी लिबलिबीत गळू आल्यासारखी सूज आली. पू येत होता, हात लावला तर केस सुटून हातात येत होते, मानेच्या मागे गाठी आल्या होत्या आणि अंगात ताप. मी गौरीसाठी गेले तेव्हा पोरगं घरात, पंख्याखाली, डोक्यावर लोकरी टोपी घालून बसलं होतं. भाद्रपदात!

एका दवाखान्यात सांगितलं, गळू आहे, चीर देऊन पू काढू. तारीखही ठरली. त्या वेळी आतेबहिणीच्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, "त्या न्हाव्यानं जे सांगितलं होतं ते एकदा करून बघा की." मग त्वचारोगतज्ज्ञ गाठला. त्यानं खपली खरवडली, दोन-चार तुटके केस चिमट्यानं काढले, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. बुरशी होती. चीर देण्याचं काहीच कारण नव्हतं. पोटातून औषध सुरू झालं, ते आठ आठवडे चाललं. केस बहुतेक परत आले. कानाच्या वर रुपयाएवढी जागा मात्र गुळगुळीत राहिली. तिथे आता केस येणार नाहीत.

रुपयाएवढीच तर जागा, असं म्हणणारे भेटले. त्यांना एवढंच विचारावंसं वाटतं की ती जागा तुमच्या डोक्यावर असती तर?

आता थोडं त्या रोगाबद्दल, कारण हे मी आतेबहिणीसाठी खोदून खोदून वाचलंय आणि डॉक्टरांनाही भरपूर छळलंय.

आपण ज्याला नायटा किंवा गजकर्ण म्हणतो तीच बुरशी डोक्याच्या कातडीत आणि केसाच्या मुळात शिरली की डॉक्टर तिला टिनिया कॅपिटिस म्हणतात. जुनी माणसं मुलांच्या डोक्यात "खवडे" झाले म्हणायची, त्यातले बरेचसे हेच असणार. हा मुख्यतः लहान मुलांचा आजार. वयात आल्यावर डोक्याच्या कातडीतून जो तेलकट पदार्थ पाझरतो, त्यातली काही आम्लं या बुरशीला मानवत नाहीत. त्यामुळे मोठ्यांत तो कमी दिसतो, अगदी नसतो असं नाही. तो पसरतो फणीतून, टोपीतून, टॉवेलातून, उशीतून, केस कापायच्या मशिनमधून आणि कधीकधी कुरवाळलेल्या मांजराच्या पिल्लाकडून. घाणेरडेपणाशी त्याचा संबंध जोडू नका. रोज न्हाऊ घातलेल्या मुलालाही होतो.

ओळखायचं कसं? नंतर मी त्या न्हावीकाकांना मुद्दाम भेटले तेव्हा त्यांनी जे सांगितलं, ते मला पुढे वैद्यकीय पुस्तकात जवळजवळ तसंच सापडलं. "चाई हाताला गुळगुळीत लागते, गोट्यासारखी. हे खरखरीत लागतं, दाढीचे खुंट असतात ना, तसं." चाई म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उठते तो प्रकार. त्यात किडा नसतो, संसर्ग नसतो, खपलीही नसते. बुरशीच्या चट्ट्यात खपली असते आणि केस कातडीलगत तुटलेले असतात, काही वेळा ते नुसते काळे ठिपके दिसतात. सोबत मानेमागे किंवा कानामागे गाठी हाताला लागल्या तर संशय पक्काच धरावा. कोंडा सगळ्या डोक्यात पसरलेला असतो आणि त्यानं केस असे तुटून टक्कल पडत नाही. लहान मुलाला एकाच जागी "कोंडा" झाला आणि तिथले केस गेले, तर तो कोंडा नव्हे.

(कोंड्यावरून आठवलं. कोंडा ज्या बुरशीमुळे वाढतो ती प्रत्येकाच्या डोक्यावर असतेच आणि ती तेलकटपणावरच जगते. तेल थापलं की खपल्या चिकटून बसतात आणि दिसत नाहीत, म्हणून आपल्याला बरं वाटतं. तेलाशी माझं भांडण नाही, कोकणातली आहे मी. पण तेल म्हणजे औषध नव्हे.)

आणि उवा. लीख केसाला डिंकानं चिकटवल्यासारखी बसते, फुंकरीनं किंवा झटकून जात नाही. कोंडा जातो. उवांनी डोकं खाजवून खाजवून फोड येतात, पू होतो, ते तिसरंच प्रकरण. त्यावर रॉकेल ओतणं अजून काही घरांत चालतं, आणि चुलीजवळ ते किती भयंकर ठरू शकतं हे सांगायला नको. सीताफळाच्या बियांची पूड हा दुसरा घरगुती उपाय. उवा मरतात हे खरं, पण ती पूड डोळ्यात गेली तर बुब्बुळाला जखम होते. आपल्या देशात असे डोळ्यांचे रुग्ण डॉक्टरांनी नोंदवलेले आहेत. थोरली मामी, हे तुझ्यासाठी.

आता उपचार. इथे सगळ्यांत मोठी गल्लत होते. हाताला, पायाला नायटा झाला तर मलम चालतं, म्हणून डोक्यालाही मलम. पण डोक्यात बुरशी केसाच्या आत, मुळाशी बसलेली असते. मलम तिथे पोचत नाही. औषध पोटातूनच घ्यावं लागतं. ग्रायसिओफल्विन हे जुनं, खात्रीचं औषध. ते सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त चालतं. किंवा टर्बिनाफिन, बहुधा चार आठवडे. कुठलं आणि किती, हे बुरशीच्या जातीवर आणि मुलाच्या वजनावर ठरतं, ते डॉक्टरच ठरवणार. केटोकोनॅझोलचा शांपू सोबत देतात तो दुसऱ्यांना लागण होऊ नये म्हणून. नुसत्या शांपूनं रोग जात नाही. मुंडण करायचीही गरज नसते.

ग्रायसिओफल्विनची एक गंमत आहे. स्निग्ध पदार्थाबरोबर घेतलं तर ते अंगात नीट शोषलं जातं. म्हणून डॉक्टरनं सांगितलं, दुधाबरोबर द्या, किंवा तूपभात खाल्ल्यावर द्या. सासूबाईंचा चेहरा काय खुलला म्हणता! स्निग्ध पाहिजे हे त्या जूनपासून सांगत होत्याच, फक्त बाहेरून लावण्याऐवजी आतून.

मेडिकलच्या दुकानातून आणलेल्या त्या ट्यूबबद्दल मात्र गंमत नाही. अशा अनेक ट्यूबांत बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि जोरदार स्टेरॉइड असं तिन्ही कालवलेलं असतं. स्टेरॉइडनं खाज आणि लाली झटकन बसते आणि खाली बुरशी निवांत वाढते. आपल्याकडे गेल्या दहा-पंधरा वर्षांत नायटा इतका चिवट का झाला याची चर्चा त्वचारोगतज्ज्ञ करतात तेव्हा या ट्यूबांचं नाव येतंच. अशा १४ स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला सरकारनं २०१८ मध्ये बंदी केली. बंदीचं काय झालं ते कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर पाच मिनिटं उभं राहून बघा. भारतात पसरलेल्या नायट्याच्या एका चिवट बुरशीला २०२० मध्ये जे शास्त्रीय नाव मिळालं, त्यात आपल्या देशाचंच नाव आहे, ट्रायकोफायटन इंडोटिनी. ती डोक्यापेक्षा अंगावर जास्त आढळते आणि तिच्यातल्या अनेक प्रकारांना टर्बिनाफिन लागू पडत नाही. मिरवण्यासारखा बहुमान नव्हे हा.

पोटातून घ्यायचं हे औषध १९५८ नंतर माणसांसाठी वापरात आलं. त्याआधी काय करायचे ते वाचून मी हबकले. क्ष-किरणांनी डोक्यावरचे सगळे केस झडवायचे, म्हणजे बुरशीला राहायला जागा उरत नाही. युरोपात, अमेरिकेत ही मान्य पद्धत होती. मोठ्या प्रमाणावर हे इस्रायलमध्येही झालं. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायली, ज्यांना इथे शनवार तेली म्हणत, त्यांतले बरेच जण १९४८ नंतर तिकडे गेले, म्हणून त्या देशाशी आपल्याकडच्या लोकांची थोडी ओळख. तिथे बाहेरून, मुख्यतः उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतून, आलेल्या सुमारे २० हजार मुलांच्या डोक्यांवर असे किरण सोडले गेले. पुढे त्यांच्यात मेंदूच्या आणि थायरॉइडच्या गाठी इतरांपेक्षा जास्त आढळल्या. १९९४ मध्ये त्यांना भरपाई देणारा कायदा तिथल्या संसदेला करावा लागला. एका नायट्यासाठी. आणि आता आपल्याला दोन महिने दुधाबरोबर गोळी द्यायची आहे, तर आपण ती न देता टोपी घालतो.

मला ज्याबद्दल लिहायचं होतं ते आता. आपण डोकं बघत नाही. आई तेल लावते, पण टीव्हीकडे बघत. शाळा केस विंचरलेत का ते बघते, केसांखाली काय आहे ते नाही. डॉक्टर बघतो, पण त्याच्यापर्यंत आपण दोन-तीन महिन्यांनी पोचतो. दर महिन्याला मुलाचं डोकं उजेडात धरून, केस बाजूला करून, जवळून बघणारा माणूस एकच, न्हावी. न्हावीकाकांनी तीस वर्षांत जेवढी डोकी पाहिली असतील तेवढी कुठल्या त्वचारोगतज्ज्ञानंही पाहिली नसतील. आणि त्यांचं ऐकायची आपल्याला लाज वाटते. का वाटते हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त बोलायचं नाही. भाऊजींना राग आला तो रोगाचा नव्हता, "कोण सांगतंय" याचा होता. सलूनच्या काचा चकचकीत झाल्या, एसी आला, पण खुर्चीत बसणाऱ्याच्या डोक्यातली उतरंड तशीच आहे.

१८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं ठरवलं होतं की विधवांचं केशवपन करणार नाही. डोक्यावर वस्तरा चालवायला नकार देण्याची परंपरा या व्यवसायात जुनी आहे. आमच्या न्हावीकाकांनी मशिन खाली ठेवलं तेव्हा त्यांचं एक गिऱ्हाईक गेलं, बदनामी झाली ती वेगळी. ते म्हणाले, "आता सांगत नाय कुणाला. कशाला उगाच." हे मला त्या टकलाच्या ठिपक्यापेक्षा जास्त लागलं. म्हणजे पुढच्या पोराचं डोकं बघून ते गप्प राहणार.

न्हाव्यांची बाजू घेतेय म्हणून सलूनला सगळं माफ असं नाही. एड्सच्या भीतीनं दर गिऱ्हाइकाला नवी ब्लेड लावायची सवय लागली, फार चांगलं झालं. पण मशिनच्या दातांचं काय? एकाच्या डोक्यावरून निघालेलं मशिन ब्रशनं झटकून दुसऱ्याच्या डोक्यावर जातं. तोच टॉवेल, तोच कंगवा. आपणही ब्लेड नवी आहे का ते डोळे वटारून बघतो आणि मशिनबद्दल चकार शब्द काढत नाही. मशिनचं पातं पुसून त्यावर जंतुनाशक मारायला दोन मिनिटं लागतात.

टोपीची दुसरी बाजूही सांगायला हवी. काही वेळा डोक्याला जे होतं ते बुरशी नसतंच. डिसेंबर २०२४ च्या शेवटी आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस मुठीनं गळू लागले. पहिल्यांदा बुरशीचा संशय, मग पाण्याचा. चॅनेलवाल्यांनी तर "टक्कल व्हायरस" असं बारसंच करून टाकलं. लोक घराबाहेर पडेनात, कित्येकांनी डोकी भादरून टाकली. आपल्या रायगडातल्या महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी (विंचूदंशावरच्या कामामुळे ज्यांना जग ओळखतं तेच) तिथल्या लोकांचं रक्त, लघवी, केस आणि रेशनचा गहू तपासून घेतला. त्यांना सेलेनियम प्रमाणाबाहेर सापडलं आणि त्यांनी बोट दाखवलं ते त्या गव्हाकडे. तिकडे हजार मलमं चोळली असती तरी काय उपयोग होता? आधी बघायचं, मग तपासायचं, मग औषध. हा क्रम आपण नेमका उलटा करतो.

आणि उलटा करण्याची परिसीमा म्हणजे जट. केसांत गुंता होतो, मळ साचतो, उवा होतात, खालची कातडी चिघळते, आणि घरचे म्हणतात देवी आली, कात्री लावायची नाही. पुण्याच्या नंदिनी जाधव आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं घरोघर जाऊन, समजूत घालून अशा जटा कापताहेत. जटेखाली झाकलेली बाई आणि लोकरी टोपीखाली बसलेलं आमचं पोर, यांत मला तरी फार अंतर दिसत नाही. एकीकडे देवीची भीती, दुसरीकडे शेजाऱ्यांची.

असो. भाच्याच्या बाबतीत पुढे एक झालं. डॉक्टरनं घरातल्या सगळ्यांची डोकी तपासायला सांगितली. या रोगात तसं करायचंच असतं, कारण काही जणांच्या डोक्यावर बुरशी असते पण वर काही दिसत नाही. धाकट्या बहिणीच्या डोक्यात, वेणीच्या भांगात, खपलीचा बारीकसा पट्टा निघाला. दोघं एकच फणी वापरत होते. तिचं औषध लगेच सुरू झालं, तिचा एक केसही गेला नाही. घरातल्या फण्या आता वेगळ्या आहेत, उशांचे अभ्रे गरम पाण्यातून निघतात. औषध सुरू झाल्यावर मुलाला शाळेतून घरी ठेवायची गरज नसते, हेही डॉक्टरनं सांगितलं, पण शाळेला पटवायला आतेबहिणीला दोन खेपा माराव्या लागल्या.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तपासणीला येतं, अंगणवाडीत दोनदा. त्यांच्या यादीत त्वचेचे रोग आहेत. त्या दिवशी पोरांना टोपी, स्कार्फ, तेलाचा थर यांशिवाय पाठवा एवढंच माझं म्हणणं आहे. खाजगी डॉक्टर परवडत नसेल तर पेणला उपजिल्हा रुग्णालय आहे, अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे.

भाऊजी अजून दुसऱ्याच सलूनमध्ये जातात. आतेबहीण मात्र पोराला गेल्या महिन्यात परत न्हावीकाकांकडे घेऊन गेली. त्यांनी मशिनचं पातं पुसलं, डोकं उजेडाकडे वळवलं, आणि मग विचारलं, "कानावर केस थोडे लांब ठेवू का?" पोरगं म्हणालं, "नको, बारीक करा."